वरचा बंब

"लिहून ठेवा," दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या इडली खाताना दामोदर म्हणाला, "पाच वर्षांत आख्ख्या राजाजीनगरात एकाही गच्चीवर कावळ्याला बसायला जागा उरणार नाही. जिकडेतिकडे सौर बंब! आणि याचं श्रेय कुणाला? सरकारला. अन् सरकारच्या खालोखाल मला!"

ही गोष्ट बंगळूरची, सत्त्याण्णव सालची. सौर बंब बसवणाऱ्याला विजेच्या बिलात सवलत, असं सरकारनं जाहीर केलं आणि दामोदरच्या अंगात वारं शिरलं. त्याचं कापडाचं दुकान होतं, पण त्या दिवसांत तो गिऱ्हाइकाला लुगडं दाखवता दाखवता सूर्यावर घसरायचा. "सरकारनं नुसतं 'सूर्य चांगला' म्हणून भागत नाही हो. बिलात सूट दिली की माणूस आपोआप सूर्यनमस्कार घालतो! एकानं बसवलं की शेजारी बसवतो, शेजाऱ्याचं बघून मेहुणा बसवतो. धोरण म्हणतात ते हे!"

त्यानं बसवला होता. गल्लीत पहिला! गच्चीवर काचेची पेटी, तिच्या डोक्यावर पांढरं पिंप.

घरात मात्र विरोधी पक्ष होता. अंबूबाई, दामोदरची आत्या. आईच्या मागे तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता, त्यामुळे बाहेर वाघ असलेला दामोदर तिच्यापुढे गोगलगाय व्हायचा. न्हाणीघरातला तांब्याचा बंब म्हणजे आत्याचा जीव की प्राण. तो पेटवायचं काम मात्र दामोदरच्या बायकोचं, वीणाचं. रोज पहाटे नारळाच्या शेंड्या, करवंट्या, फुंकणी आणि मग तो खोकला! डॉक्टर म्हणाले होते, धूर थांबवा. तिचा तो खोकला ऐकताना दामोदर अंथरुणात कूस बदलत राहायचा, आणि खरं सांगायचं तर सौर बंब त्यानं सरकारसाठी नव्हे, त्या खोकल्यासाठी घेतला होता.

"बरं," आत्यानं शेवटी अट घातली होती, "सरकारी माणूस येऊन तुझ्या त्या पिंपाला चांगलं म्हणाला, तर माझा बंब माळ्यावर. नाही म्हणाला, तर पिंप भंगारात आणि वीणा पुन्हा फुंकणीशी. आणि एकदाच बोलवायचा हं! दहा वेळा परीक्षेला बसायचं नाही."

वीज मंडळाचे श्रीधरराव पाहणीला यायचे ठरले ते नेमके नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी. ते सकाळी अकरालाच दुकानात हजर! "संध्याकाळी गावी जायचंय, मंड्याची बस आहे. आत्ताच उरकू."

"सरी सरी, चला!" दामोदरनं त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत तोंडाचा पट्टा चालूच. "नळ सोडला की वाफ! बिसी नीरु, गरम पाणी म्हणजे काय ते आज बघाच. पण साहेब, एकदम हात घालू नका. पोळाल!"

न्हाणीघरात त्यानं झोकात नळ सोडला. श्रीधररावांनी भीत भीत बोटाचं टोक धरलं. मग बोट धरलं. मग आख्खा पंजा धरला.

"गार आहे," ते म्हणाले.

"पहिलं पाणी पाइपातलं असतं. स्वल्प थांबा."

बादली भरली. दुसरी भरली. श्रीधररावांनी चष्मा पुसला. "दामोदर अण्णा, ही तर कावेरी आहे. थेट."

दामोदर दोन दोन पायऱ्या गाळत गच्चीवर पळाला. मागून श्रीधरराव. वर पोचले तर गच्चीवर गल्लीतल्या बायका जमलेल्या, मध्ये आत्या, आणि पिंप! पिंपाला चुन्या-गेरूचे पट्टे, पट्ट्यांवर हळदकुंकू, भोवती कारल्याची वेल, वर झेंडूची माळ. माळेचा निम्मा झेंडू काचेवर लोळत होता. शेजारच्या लक्ष्मीदेवी आरती ओवाळत होत्या.

"आत्या! हे काय?"

"काय म्हणजे? नीर तुंबो हब्ब नाही का आज? पाणी भरायचा सण! बंगळूरात जन्म गेला तुझा, आणि हे मी सांगू? जुनं पाणी काढायचं, भांडं घासायचं, नवं भरायचं, पूजा करायची, आणि उद्या त्या पाण्यानं अभ्यंग. घरातले सगळे नळ सोडून दिले, पिंप रिकामं केलं, आत्ताच ताजं भरलं."

"अगं, पण हा सण संध्याकाळचा!"

"संध्याकाळी भरलं तर सूर्य कुठून आणू? म्हणून सकाळीच उरकलं. मला काय कळत नाही होय?"

"आणि ते गरम पाणी?"

"भांडी घासली, ओटा धुतला, जिना धुतला. तुझी स्कूटर तेवढी राहिली, घरात नव्हती म्हणून!"

"अगं, पण तू तर याला भंगार म्हणतेस!"

"भंगार असलं तरी पाणी धरतं ना? सणाच्या दिवशी पाण्याच्या भांड्याला बिनपूजेचं ठेवू?"

श्रीधररावांनी पेनाचं टोपण काढलं. "पूजा छान आहे अक्का. पण नियमाप्रमाणे पाणी गरम हवं. पाणी गरम नाही, असं लिहावं लागेल."

वीणा जिन्याच्या दारात उभी होती. पदर तोंडाला लावून ती एकदा खोकली.

तेवढ्यात आत्या कडाडली. "काय लिहाल? गरम नाही? तुमच्या घरी बंब भरला की तिथल्या तिथे उकळतो का हो? खाली जाळ लागतो! याचा जाळ आत्ता कुठे डोक्यावर आलाय!" तिनं सूर्याकडे बोट केलं. "मी हळदकुंकू लावलेल्या भांड्याला नापास करणारे तुम्ही कोण?"

दामोदर बघतच राहिला. विरोधी पक्षच सरकार वाचवत होता!

"पण अक्का, माझी बस..."

"संध्याकाळची ना? मग आत्तापासून स्टँडवर काय बसता! होळिगे केलीय, पुरणाची. जेवून जा."

गरम होळिगेवर तुपाची धार पडली आणि सरकारी नियम विरघळला. श्रीधरराव जेवले आणि सोफ्यावर तक्क्याला टेकून घोरू लागले. दामोदर मात्र गच्चीवर. त्यानं काचेवरची माळ हळूच वर सरकवली. काच धोतरानं पुसली. सूर्याला हात जोडले. एक ढग आला तेव्हा त्याला आधी कन्नडमधून विनवलं, मग मराठीतून झापलं. ढग मराठीला घाबरला.

चार वाजता सगळी वरात पुन्हा न्हाणीघरात. आत्यानं स्वतः नळ सोडला. श्रीधररावांनी या वेळी बेधडक हात घातला.

"अय्यो!" त्यांनी बोटं तोंडात घातली.

"लिहा आता!" आत्या म्हणाली.

त्यांनी लिहिलं. चांगलं लिहिलं. वीणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि कितीतरी वर्षांनी ते धुरामुळे नव्हतं. दामोदरला इतका आनंद झाला की आत्याचं मन बदलायच्या आत त्यानं तांब्याचा बंब एकट्यानं माळ्यावर चढवला. कंबर लचकली, पण चढवला.

तो माळ्यावरून उतरेपर्यंत आत्या गच्चीच्या कठड्यावरून ओरडत होती, "उद्या पहाटे सगळ्यांनी आमच्याकडे अभ्यंगाला यायचं! सरकारमान्य पाणी आहे! वरचा बंब आहे आमचा!"

गल्लीनं आमंत्रण मनावर घेतलं. पहाटे दामोदरच्या दारात तेलाच्या वाट्या, टॉवेल आणि पेंगुळलेली पोरं यांची रांग लागली. लक्ष्मीदेवींचं आख्खं माहेर आलं होतं. जो तो लालबुंद होऊन बाहेर पडायचा आणि म्हणायचा, "काय पाणी आहे! आपणही बसवायचा!" धोरण डोळ्यांदेखत यशस्वी होत होतं. दामोदर अंगाला तेल चोपडून, यजमान म्हणून सगळ्यांत शेवटी आत शिरला.

पहिला तांब्या अंगावर घेतला आणि त्याला थेट कैलास दिसला, बर्फासकट.

बाहेरून लक्ष्मीदेवींचे यजमान वेणुगोपाल यांनी विचारलं, "दामोदर अण्णा, विचार पक्का करतोय. पाणी शेवटपर्यंत गरम राहतं ना?"

सगळे कान दाराकडे. दामोदरनं दातावर दात आवळले.

"शेवटपर्यंत!" तो ओरडला. "भा-भा-भाजतंय हो नुसतं!"

दार किलकिलं झालं. वीणानं माठातल्या पाण्याची बादली आत सरकवली.

"अगंबाई! एवढं भाजतंय तर आधी नाही का सांगायचं? घ्या, विसण घ्या!"