सावलीत काय हाय ते दाखवा!

आमचे हनीफभाई तांबोळी मॉनिटर बघायला दुकानात जाताना सोबत घोंगडी घेऊन जातात.

थट्टा नाही. खरीखुरी, काळी, अंगाला टोचणारी घोंगडी. बाणेरच्या एका चकचकीत दुकानात ती काखोटीला मारून ते शिरले, सेल्समनच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला, "येवढं लावा," म्हणाले, आणि पडद्यावर चित्र सुरू होताच डोक्यावरून घोंगडी ओढून मॉनिटरसकट आत गडप झाले. बाहेर उरले फक्त पाय. सेल्समनने माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "सर, काकांना वाफारा घ्यायचाय का?"

मी काही बोलणार तोच आतून हाक आली, "कदमसाहेब, आत या! बगा ह्यो कसा फसवतोय!"

चार लोकांदेखत मी घोंगडीत शिरलो. आत लोकरीचा वास, हनीफभाईंचे गरम उसासे आणि समोर कासारसाईच्या धरणावरचा सूर्यास्त. पाणी पेटलेलं, आभाळ केशरी, काठाला आंब्याचं झाड आणि झाडाखाली काळंकुट्ट.

"वा! काय रंग आहेत!" मी म्हणालो.

"रंगाचं सोडा हो. उजेड काय, कुनीबी दाखवतंय. सावलीत काय दिसतंय?"

"काही नाही. काळं आहे."

"हाय! तितं हाय! ह्या डबड्याला दाखवता येत न्हाई." घोंगडी बाजूला झाली आणि घामेजलेले हनीफभाई सेल्समनला म्हणाले, "भाऊ, सावलीत काय हाय ते दाखवनारा मॉनिटर आन."

तो बिचारा आत गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

हनीफभाई सूसमधल्या आमच्या सोसायटीत माझे शेजारी. भिंतीला भिंत. शिवाय हिंजवडीत आम्ही एकाच कंपनीत. मी सॉफ्टवेअर तपासतो, ते कंपनीच्या बसगाड्या कुठून कधी सुटणार ते ठरवतात. मी परभणीचा, ते घोटावड्याचे, म्हणजे इथलेच. पन्नाशी ओलांडली, लग्न नाही. का केलं नाही विचारलं तर "ऱ्हाऊन ग्येलं" म्हणतात, ते अशा सुरात की जणू गॅसचा नंबर लावायचा राहून गेला.

तर या शांत माणसाच्या डोक्यात एके दिवशी एचडीआर शिरलं. एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. एकाच चित्रात सूर्य सूर्यासारखा तळपावा आणि झाडाखालचा काळोखही नुसता डांबरासारखा न दिसता त्यातलं सगळं दिसावं, अशी ती करामत. साध्या मॉनिटरला दोन्ही एकदम जमत नाही. उजेड सांभाळायला गेला की सावली बुडते, सावली वर काढली की आभाळ पांढरं फटक पडतं.

मी पहिल्यापासून विरोधात. "हनीफभाई, तुम्ही दिवसभर बसचं वेळापत्रक बघता. एक्सेलच्या चौकटीला कसली आलीय सावली? साधा घ्या, चांगला घ्या, उरलेल्या पैशात बिर्याणी घाला."

"बिर्याणी घालतो. पर मॉनिटर त्योच घेनार."

मग मीच इरेला पेटून माहिती काढली आणि एक भयंकर गोष्ट कळली. स्वस्तातल्या पुष्कळ मॉनिटरवर एचडीआरचा स्टिकर असतो आणि आत काहीच नसतं! म्हणजे चित्र आलं तर ते घेतात, पण दाखवायला लागणारा उजेड त्यांच्यात नसतो आणि खरा काळाही नसतो. पाहुण्याला "या, बसा" म्हणायचं आणि चूल थंड, असा प्रकार. हे मी हनीफभाईंना सांगितलं मात्र, त्यांना आयुष्यभर पुरेल असा शब्द मिळाला.

"त्यो सेक्रेटरी? स्टिकरवाला हाय." "नवीन मॅनेजर? स्टिकर लई मोठा, आत उजेड न्हाई." कॅन्टीनमधली बासुंदी स्टिकरवाली, रस्त्याचं नवं डांबर स्टिकरवालं. माझ्या चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तर परत आल्यावर पहिला प्रश्न, "पोरीकडची मानसं कशी हायेत? स्टिकरवाली न्हाईत न्हवं?" घरात मीही तसंच बोलू लागलो, तेव्हा बायकोने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं.

शेवटी, पुण्यातली यच्चयावत दुकानं घोंगडीखाली घालून झाल्यावर, एक मॉनिटर ऑनलाइन मागवला. अस्सल. काळा तो काळा आणि उजेड असा की डोळे दिपावेत. पसंत न पडल्यास सोमवारपर्यंत परत करता येणार होता. खोकं आलं तेव्हा हनीफभाईंनी वॉचमनला हात लावू दिला नाही. लिफ्टमध्ये दोघं आधी होते, त्यांना उतरवलं. "दवाखान्यातनं बाळ आनलंय समजा!"

आणि सुरू केला तर काय? सगळं फिकट! पांढरं राखाडी, काळं राखाडी, लाल विटकरी. हनीफभाई मटकन खाली बसले. "कदमसाहेब, ह्योबी स्टिकरवाला?"

मीही त्यांच्याइतकाच त्यात गुंतलो होतो. पण माझा धंदाच चुका शोधण्याचा. संगणकात एचडीआरचं बटण चालू केलं की साध्या खिडक्या, फायली अशा मलूल दिसतात. सेटिंगमध्ये एक घसरपट्टी असते, ती सरकवून त्यांचा उजेड वाढवावा लागतो. ती सरकवली आणि रंगांत जीव आला. आम्ही दोघांनी टाळी दिली! मग लावला कासारसाईचा सूर्यास्त. सूर्य असा पेटला की मी चक्क मागे सरकलो.

आणि सावलीत? सावलीत हनीफभाई दिसत होते. त्यांचं टक्कल, माझा चष्मा, मागची खिडकी. दुपारचं ऊन थेट काचेवर येत होतं आणि काळ्या भागात आमच्याच खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं.

"पडदा लावा की," मी म्हणालो.

"पडदा नगं."

"अहो, खोलीत अंधार नसला तर एवढा महागाचा मॉनिटर आणि साधा मॉनिटर सारखेच!"

"घोंगडी हाय की."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणून ही घोंगडी! या खिडकीचा पडदा नेहमी सुतळीने बांधलेला असायचा. तो सुटलेला मी कधी पाहिलाच नव्हता. कारण विचारलं की "कोंडल्यागत व्हतं" म्हणून विषय बदलायचे. पण नवा मॉनिटर घोंगडीत मावेना. एकीकडून ओढली की दुसरीकडून ऊन शिरायचं. आम्ही दोघं आत घामाघूम होऊन ओढाताण करत होतो. असे दोन-तीन दिवस गेले. रविवार उजाडला, उद्या मुदत संपणार.

"परत करतो," हनीफभाई पडक्या आवाजात म्हणाले. "सावलीतलं दिसत न्हाई तर काय उपेग?"

माझं डोकं फिरलं. "दोन मिनिटं पडदा लावा! कोंडून मरत नाही माणूस!"

ते खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीकडे बराच वेळ बघत राहिले. "नमाजाला बसली असंल," असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटले. मला काही कळलं नाही. मग सुतळी सोडली आणि पडदा ओढला.

अंधार झाला. चित्र सुरू झालं. आणि ते झाड उघडलं!

होय, उघडलंच म्हणतो मी. आधी बुंध्याची साल दिसली. मग स्टीलचा डबा. उलटी पडलेली चप्पल. आणि बुंध्याला टेकून, पाय पसरून बसलेली एक म्हातारी. पांढरा पदर डोक्यावर, ओच्यात बोरं, गाल फुगलेले. तिने कॅमेऱ्याकडे बघून "चल हट" असा हात केला आणि खळखळून हसली. मागे सूर्य तळपतच होता, आणि तिच्या तोंडातला एकुलता एक दातही दिसत होता.

"आपा," हनीफभाई म्हणाले. "माजी थोरली भन. आई ग्येली तवा मी रांगत हुतो. हिनंच वाढवलं. गेल्या साली बोरांच्या दिवसांत गाडीत घालून धरनावर नेली हुती. त्याच्यानंतर गुडघं ग्येलं, घराच्या भाईर न्हाई पडली. फोनवर दिसती, पर मोहरीयेवडी. तिला कुटली दिसनार?"

आम्ही पुन्हा बघितलं. परत बघितलं. मी ओरडत होतो, "तो डबा बघा! बोराचा रंग बघा!" दोन मिनिटांची किती झाली कुणास ठाऊक.

तेवढ्यात दाराची बेल वाजली ती थांबेचना. दार उघडलं तर वॉचमनच्या खांद्यावर भार टाकून, दुसऱ्या हातात काठी घेऊन, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशी तीच म्हातारी! चित्रातली! धापा टाकत तिने हनीफभाईंना नखशिखान्त पाहिलं आणि पाठीत असा धपाटा घातला की मीच कळवळलो.

"जित्ता हायेस न्हवं? मंग पडदा का लावलास, मुडद्या?"

पन्नाशीचे हनीफभाई मान खाली घालून उभे. मी घाईघाईने खुर्ची दिली. आपा बसल्या, पाणी प्यायल्या आणि मलाच सांगू लागल्या, "लेकरा, गावाकडं सकाळी समोरचं दार उघडं दिसलं का समजायचं, मानूस बरं हाय. न्हाई दिसलं तर जाऊन हाक मारायची. हितं समदी दारं बंद. मंग आमी ठरवलं, समोरासमोरच्या खिडक्या बगायच्या. ह्येचा पडदा उघडा म्हंजे ह्यो उभा, माजा उघडा म्हंजे मी. आज नमाज करून बगते तर पडदा! फोन उचलंना. काय करायचं म्या?"

फोन टेबलावर आवाज बंद करून ठेवलेला होता. चित्र बघण्याच्या नादात आमचं लक्षच नव्हतं.

"आपा," हनीफभाई कसेबसे म्हणाले, "तुलाच बगत हुतो गं."

"मला बगायला पडदा लावलास? पडदा काढला असतास तर समोरच हुते की मी!"

आमचे एवढे महिने, एवढी दुकानं, तो स्टिकर आणि ती घोंगडी, सगळं त्या एका वाक्यात गेलं.

मग आपांना समोर बसवून चित्र लावलं. "ही कोन बया?" म्हणाल्या. मग पुढे वाकल्या. "मीच व्हय रं! दात बग की मेला!" आणि चित्रातली हसली तशाच हसल्या. बाहेरची आपा आणि आतली आपा, दोघी एकदम. हनीफभाई चित्राकडे बघतच नव्हते.

सोमवारी मॉनिटर परत गेला नाही. संध्याकाळी पाहतो तर हनीफभाई तो घोंगडीत गुंडाळून, छातीशी धरून सोसायटीच्या आवारातून चाललेले. "बाजूला व्हा, बाजूला!"

"कुठे निघालात?"

"आपाकडं. तिचं गुडघं पुन्ना हिकडं येनार न्हाईत. मंग मॉनिटरनंच जावं की."

मॉनिटर घेणाऱ्या लोकांच्या वतीने मी शेवटचं विचारून घेतलं. "मग एचडीआर घ्यावा की नाही, हनीफभाई?"

"सावलीत आपलं कुनी बसलं असंल तर घ्यावा. न्हाईतर तुमचं बरोबर हाय, साधा बरा."

परवा रविवारी दुपारी मी सहज समोर पाहिलं. हल्ली मलाही ती खोड लागलीय. आपांच्या खिडकीला पडदा! तसाच दाराबाहेर धावलो, तर शेजारी हनीफभाईंच्या दाराला कुलूप.

म्हणजे दोघंही तिकडे होते, अंधार करून. मी परत आत आलो आणि चहाचं आधण ठेवलं.