चनबसप्पांचा बेसल डोस

"अक्कलकोटची बोलणी जिंकून न्हाई आलो, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन," असं चनबसप्पांनी सोमवारी गल्ल्यावर बसून जाहीर केलं. ऐकायला दोघंच होते. एक मंद्रूपचा शेतकरी, फवारणीचं औषध न्यायला आलेला. दुसऱ्या त्यांच्या पत्नी महादेवीबाई, जेवणाचा डबा घेऊन आलेल्या. शेतकऱ्यानं मान डोलावली. महादेवीबाईंनी डबा ठेवला आणि थोरल्या मुलीच्या बोलणीची आठवण काढली.

त्या बोलणीत चनबसप्पा दोन तास बोलले होते. बोलता बोलता ते इतके रंगले, की लग्न मुलाच्या गावात, त्यांच्या तारखेला, त्यांच्याच आचाऱ्याकडून, असं सगळं कबूल करून उठले. वर व्याह्यांच्या उसावर मावा पडला होता, त्याचं औषध दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन पोचवलं. समोरचा माणूस खूश झालेला बघितला, की चनबसप्पांना त्याला आणखी खूश करावंसं वाटायचं. सोलापुरात चौतीस वर्षं कृषी सेवा केंद्र चालवलेल्या माणसाचा तो धर्मच.

यावेळी मात्र प्रकरण नाजूक होतं. धाकटी ऋतुजा एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. अक्कलकोटचा महेश्वर तिला पसंत होता आणि ती त्याला. अडलं होतं त्याच्या वडिलांपाशी. आमच्या घरची सून नोकरीला जात नाही, असं गुरुलिंगअण्णांनी सांगून टाकलं होतं. महेश्वरनं महिनाभर घासाघीस केली आणि शेवटी मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावं, यावर गाडी आणून उभी केली. ऋतुजानं वडिलांना समोर बसवून सांगितलं, "अप्पा, नोकरी सुटणार असेल तर लग्न नको. एवढं एकच बोलून या. दुसरं काही बोलला न्हाई तरी चालेल."

"दुसरं काही न बोलता कसं चालेल?" असं चनबसप्पांना वाटलं. त्यांनी भाषण तयार केलं. त्यात ज्वारी होती, डाळिंब होतं, मुलींचं शिक्षण होतं आणि शेवटी पुन्हा ज्वारी होती. आता आवाजाला जरा ताकद पाहिजे होती.

ती ताकद घरातच सापडली. गेल्या महिन्यात महादेवीबाईंना ताप येऊन गेला आणि तोंडाची चव गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, झिंक कमी पडलंय म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, जेवणानंतर, पंधरा दिवस. आठ दिवसांत बाईंना शेजारणीच्या शेंगाचटणीत लसूण कमी असल्याचं कळायला लागलं, आणि त्यांनी ते शेजारणीला कळवलंही.

पाकिटावरचं नाव वाचून चनबसप्पांना भरून आलं. जी वस्तू आयुष्यभर पोत्यानं विकली, ती इथं चांदीच्या कागदात एकेक करून झोपवली होती. त्यांनी लगेच स्वतःची नखं पाहिली. दोन नखांवर पांढरे ठिपके. ज्वारीच्या पानावर पांढरे पट्टे दिसले की ते डोळे मिटून झिंक सांगायचे. इथं तर डोळे उघडे होते.

ऋतुजा म्हणाली, नखाला कुठंतरी ठेच लागली तरी ठिपके येतात, झिंक कमी आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. "आणि अप्पा, तुम्ही ज्वारी न्हाई."

हे त्यांना तितकंसं पटलं नाही.

रविवारी पहाटे अंघोळ करून त्यांनी पाकीट हातात घेतलं. सात गोळ्या उरल्या होत्या. रोज एक घालायची ही पद्धत त्यांना पहिल्यापासून पोरकट वाटत होती. शेतात कुणी रोज चिमूट चिमूट खत टाकत बसत नाही. एकदाच, पेरणीच्या आधी, मोकळ्या रानात बेसल डोस द्यायचा आणि हात धुऊन मोकळं व्हायचं. जेवण म्हणजे पेरणी. म्हणजे डोस जेवणाआधी, रिकाम्या पोटी. शेतीशास्त्र इतकं स्वच्छ असताना डॉक्टर लोक उगाच पंधरा दिवस लावतात, असं मनात म्हणत त्यांनी सातही गोळ्या तांब्याभर पाण्याबरोबर पोटात सोडल्या. रिकामं पाकीट बाईंच्या पर्समध्ये परत ठेवलं. नाश्ताही केला नाही. व्याह्यांकडच्या पुरणपोळीला रान मोकळं हवं होतं.

महादेवीबाईंना घेऊन ते निघाले. एसटी वळसंगच्या अलीकडे असताना त्यांच्या तोंडात पितळेची चव आली. जणू कुणी कळकट घंटा जिभेवर ठेवली होती. वळसंगच्या पुढे पोटात कुणीतरी नांगरायला सुरुवात केली. भाषणातली पहिली ज्वारी विसरली. अक्कलकोटच्या स्टँडवर उतरेपर्यंत डाळिंबही गेलं. आता फक्त एक गोष्ट पक्की कळत होती. तोंड उघडलं, की शब्दांच्या आधी दुसरंच काहीतरी बाहेर येईल.

गुरुलिंगअण्णांचं घर भरलेलं होतं. स्वतः अण्णा, त्यांची पत्नी, महेश्वर, आणि मधोमध पाटावर अण्णांच्या ऐंशी वर्षांच्या आई, ज्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं. चहा आला. चनबसप्पांनी कपाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि कप हळूच लांब सरकवला.

बाकीच्यांनीही आपापले कप खाली ठेवले.

चहा न घेता बसलेला मुलीचा बाप त्या घरानं आजवर पाहिला नव्हता. अण्णांनी घसा साफ केला. घराची रीत सांगितली, सुनेनं घर सांभाळावं असं सांगितलं, आणि व्याह्यांचं काय मत आहे ते विचारलं. चनबसप्पांनी मत द्यायला ओठ किंचित विलग केले, पोटातली कळ वर आली, ओठ पुन्हा घट्ट मिटले. नाकातून एक लांब श्वास मात्र सुटला.

"म्हणजे अगदीच नको असं न्हाई," अण्णा घाईनं म्हणाले. "वर्षभर करू दे की नोकरी."

महादेवीबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. एकोणतीस वर्षांच्या संसारात हा माणूस झोपेत सुद्धा इतका वेळ गप्प राहिला नव्हता. तेवढ्यात ताटं मांडल्याची वर्दी आली. जेवणानंतरची गोळी हाताशी असावी म्हणून त्यांनी पर्स उघडली, पाकीट काढलं, तर त्यातली कालपर्यंत भरलेली सातही घरं फुटलेली. मग नवऱ्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. सगळं उमगलं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण एक वर्ष मिळालं होतं. अजून मिळण्यासारखं दिसत होतं. त्यांनी पर्स बंद केली आणि नजर जमिनीला लावून बसल्या.

ताटात पुरणपोळी आली. अव्वांनी स्वतःच्या हातानं तुपाची धार सोडली आणि कानडीत "ऊट माडरी" म्हणून जेवायचा आग्रह केला. तुपाचा वास आला. चनबसप्पांनी पोळीकडे जो कटाक्ष टाकला, त्यात जगातली सगळी विरक्ती होती. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

"पहिलं मूल होईस्तोवर करू दे," अण्णा म्हणाले. आवाज उतरला होता.

चनबसप्पांनी नकारार्थी मान हलवली. ती मान पोळीसाठी होती. पण त्या घरात आता पोळीचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

अव्वांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "गुरुलिंगा, पुरे कर. ह्यो माणूस अन्नाला शिवंना झालाय. लेकीसाठी जो बाप बोलत सुदा न्हाई, त्याच्या मनात किती असंल? पोरगी जाऊ दे की नोकरीला. मी हाय घर बघायला."

"अव्वा म्हणते तर..." अण्णांनी हात जोडले. "व्याही, कायमची करू दे नोकरी. सकाळच्या एसटीला मी स्वतः सोडत जाईन. आता एकदा तोंडानं व्हय म्हणा."

सगळ्यांचे डोळे चनबसप्पांच्या तोंडावर. चनबसप्पा उठले. दोन्ही हात छातीशी नेऊन जोडले, कारण तोंडाशी नेले असते तर वाईट दिसलं असतं, आणि मागच्या दारानं अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे धावले.

पुढं जे झालं त्याचा आवाज घरात ऐकू आला. बापाचं काळीज भरून आलं, असं म्हणून अव्वांनी पदरानं डोळे टिपले.

महादेवीबाई मागोमाग गेल्या आणि तिथूनच ऋतुजाला फोन लावला. नोकरी राहिली, हे त्यांनी आधी सांगितलं. गोळ्यांचं नंतर सांगितलं. पण मुलगी फार्मासिस्ट होती. तिनं पहिलं सोडून दुसरंच धरलं. किती घेतल्या, किती वाजता घेतल्या, उलटीत रक्त आहे का, आत्ता तिथल्या दवाखान्यात न्या. मग फोन अप्पांच्या कानाला लावायला सांगितला. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच घ्यायची, रोजची एकच, पोटात अन्न असताना, हे तिनं एकेक शब्द तोडून सांगितलं. असं जास्तीचं झिंक कुणी महिनोन् महिने घेत राहिलं, तर शरीरातलं तांबं कमी होतं, हेही सांगितलं.

"पण पिकाला आपण एकदाच..." चनबसप्पा क्षीण आवाजात म्हणाले.

"अप्पा!" तिनं दटावलं. मग तिचा आवाज बदलला. "कायमची म्हणाले? खरंच?"

"कायमची."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

दवाखान्यात तपासून सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी जायला परवानगी दिली. काळजीचं कारण राहिलं नव्हतं. काळजी वेगळीच निघाली. चार दिवसांत अव्वांनी अक्कलकोटभर सांगून ठेवलं, की ऋतुजाचा बाप म्हणजे मुलखावेगळा माणूस, महिन्यात एक शब्द बोलतो पण त्यात सगळं येतं. आता या मोठेपणाला जागणं आलं. माणूस बडबड्या निघाला, तर मिळालेलं सगळं परत बोलणीला यायचं, असं महादेवीबाईंनी बजावलं. लग्नात चनबसप्पा दोन दिवस मुके राहिले. फोटोत ते फार विचारवंत दिसतात. परवा तर अण्णांच्या चुलतभावांचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तंटा झाला, तेव्हा निवाड्याला त्यांनाच नेऊन मधे बसवलं. ते काही बोलले नाहीत. अर्ध्या तासात दोघंही घाबरून मिटवून मोकळे झाले.

ऋतुजा रोज सकाळच्या एसटीनं सोलापूरला जाते. मजेत आहे. चनबसप्पा महिन्यातून एकदा लेकीकडे जातात, दिवसभर तोंड मिटून गोड हसत बसतात, आणि परतीची एसटी स्टँडबाहेर पडली की बोलायला लागतात. महादेवीबाई हल्ली पुढं बायकांच्या सीटवर बसतात. चनबसप्पांच्या शेजारी जो कुणी असतो, तो सोलापूरचं तिकीट काढूनही वळसंगला उतरतो.