अण्णांच्या गाडीचा ढेकर

रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाताला धरून आपल्या मोटारीत बसवणारा आणि कुठंही न नेणारा माणूस मी एकच पाहिला. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीतले आमचे घरमालक, महालिंग अण्णा.

वेळ ठरलेली होती: महिन्याचा पहिला रविवार, सकाळी आठ. बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून अण्णा बॉनेट उघडून उभे असत. रेडिएटरचं जुनं पाणी खालून डब्यात काढायचं आणि डब्यावर लगेच झाकण ठेवायचं, कारण ते हिरवं पाणी विषारी, पण गोड लागतं आणि गल्लीतली कुत्री चाटायला येतात. मग आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं आणि कूलंट घालून नवं भरायचं. गॅरेजवाले हे काम दोन वर्षांतून एकदा करतात. अण्णांची गाडी महिन्यातून जेमतेम एकदा पेठ वडगावला मेव्हण्याकडे जाऊन येई. बोअरचं पाणी तर त्यांनी गाडीच्या जवळ येऊ दिलं नाही. "त्यानं गाडीला मुतखडा हुतोय," असं त्यांचं निदान होतं.

पाणी भरलं की आत हवा अडकते. इंजिन चालू ठेवून अॅक्सिलरेटर हलका दाबत राहिलं की ती बुडबुडे होऊन वर येते आणि पाणी खाली बसतं. याला अण्णा ढेकर म्हणत. रेडिएटरच्या तोंडाशी तांब्या घेऊन ते स्वतः. पेडलवर, जो सापडेल तो.

"पावणं, घाई हाय व्हय? बसा की पाच मिन्टं. गाडीला ढेकर आणायचाय."

पोस्टमन बसला. मेथीची पेंडी घेऊन निघालेल्या बाई बसल्या. एकदा समोरच्या घरी मुलगी बघायला आलेला मुलगाच अण्णांनी फाटकातून उचलला. आत पोहे गार झाले आणि बाहेर मुलगा इस्त्रीच्या पँटीत पेडल दाबत बसला. ती पाच मिनिटं कधीच पाच नसत. तेवढ्यात अण्णा पावण्याचं गाव, पोरंबाळं, दुखणीखुपणी, सगळं विचारून घेत. मुलीच्या वडिलांना त्यांनी नंतर शिफारस केली, "पेडल बेतानं दाबतोय. द्या पोरगी." लग्न झालं.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. सत्त्याण्णव साली एका रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम रिकामा राहत होता. तो मी अण्णांवर लिहून भरला. नाव बदललं. चड्डीचे पट्टे, मुतखडा आणि ढेकर तसेच ठेवले. गौराक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, मी तिथं राहायला येण्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. लेखात त्यांच्या वाट्याला 'एकटे विधुर' एवढे दोन शब्द आले. जास्त काही मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. लेख फक्कड झालाय, असं ऑफिसात सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर कात्रण चिकटलं. अण्णा दिसले की कुणीतरी विचारी, आला का ढेकर. अण्णा हसत. मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त तोवर मी त्यांचा 'पेपरवाल्या' होतो, 'अरं' होतो, तो त्या आठवड्यापासून 'साहेब' झालो. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन म्हणत, "या साहेब, तुमी आदी जावा."

पुढच्या पहिल्या रविवारी गल्लीत हाक आली नाही. फाटक बंद होतं, पण इंजिन चालू होतं. मी गॅलरीतून पाहिलं. अण्णा तांब्या घेऊन उभे होते आणि ड्रायव्हरच्या जागी कुणी नव्हतं. ढेकर व्यवस्थित आला. मग अण्णांनी वाकून पेडलवरून फडक्यात गुंडाळलेली अर्धी वीट काढली आणि भिंतीवर ठेवली. सगळं काम वीस मिनिटांत उरकलं. दुसऱ्या माणसाची त्याला कधी गरजच नव्हती.

'का' हा बातमीदारीच्या पहिल्या धड्यातला प्रश्न. तेवढा सोडून मी अण्णांना बाकी सगळे विचारले होते. आमच्याकडे चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत दुरुस्ती छापत. ही चूक चार ओळींत बसत नव्हती. पुढचा महिनाभर मी जिन्यात पावलांचा अंदाज घेऊन उतरत होतो.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आठ वाजता मी खाली गेलो. पेडलवर बसतो म्हणालो.

"नगं, साहेब," अण्णा रेडिएटरमध्ये पाणी ओतत म्हणाले. "ईट बरी. ईट लिवत न्हाय."

माझं चुकलं, असं मी म्हणालो. ते ओतत राहिले. मी तिथंच उभा राहिलो. पाणी काठाशी आल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला, इंजिन चालू केलं आणि वीट उचलली. ती पेडलवर ठेवायची सोडून थोडा वेळ नुसती हातात धरली.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो आणि पेडल दाबलं. इंजिन ओरडलं.

"हळू, पेपरवाल्या." बॉनेटच्या आडून अण्णांचा आवाज आला. "गौराचा पाय लई हलका हुता."