पियूषरावांची मागल्या सीटची मोहीम

मुळशी मुलुखातील वर्तमान, पुढील पिढ्यांस दाखला राहावा म्हणोन, लिहिले जाते ऐसे जे: मौजे माण येथे, जेथे भाताची खाचरे जाऊन भाड्याच्या खोल्या उभ्या जाहल्या, तेथे जालन्याकडील राजश्री पियूषराव, संगणकाच्या चाकरीत नामजाद, पत्नी गौतमीबाई यांसह वस्तीस होते. उभयतांत सर्व क्षेम, बेबनाव एकच, तो मोटारसायकलीचा. मागील साली ताम्हिणी घाट उतरताना रावांनी भर वेगात धडाधड गिअर पाडले आणि क्लच सोडला, मग मागले चाक अडखळून उड्या मारू लागले आणि बाईंची हनुवटी रावांच्या पाठीवर आदळून जीभ चावली गेली. तेव्हा बाईंचा हुकूम सुटला की इतःपर तुमच्या मागे बसणे नाही, आम्ही एसटीने येत जाऊ. तेव्हापासून राव दुचाकीवर एकटे आणि बाई मागाहून एसटीत, ऐसा संसार चालला. रिकामी सीट पाहून रावांस फार वाईट वाटे.

मग रावांनी व्हिडिओ पाहून पाहून मसलत केली आणि जुनी गाडी काढून स्लिपर क्लचाची नवी आणिली. त्या क्लचाचा मजकूर ऐसा जे: गिअर एकदम उतरविला असता चाक इंजिनास बळेच फिरवू पाहते आणि इंजिन अडून बसते, तो झगडा मागल्या चाकास भोवतो. या क्लचात जोर वाहून नेणाऱ्या चकत्या आणि त्यांस लागून तिरक्या कडा असतात, चाकाकडून उलटा जोर येताच त्या चकत्यांवरील दाब सैल करितात, मग चकत्या किंचित घसरतात आणि झटका मधल्यामध्ये जिरतो. लिव्हरही हाताला हलका. अवगुण म्हणावे तर उतारावर इंजिनाचा आवर कमी पडतो, ब्रेकांवर भार येतो आणि दुरुस्ती भारी पडते. ही दुसरी बाजू रावांनी बाईंस कळविली नाही.

बाईंनी अर्जी मंजूर केली, परंतु शर्त घातली की एकही झटका बसला तर तेथूनच एसटी, आणि पुन्हा विषय काढणे नाही. मग रविवारी सकाळी कूच जाहले. पौड मागे टाकून, धरणाचे पाणी उजवीकडे ठेवून फौज घाटात शिरली आणि रावांनी मुद्दाम गिअर पाडून दाखविले, तरी गाडी लोण्यासारखी उतरली. बाई मागे बसून शेंगदाणे खात होत्या. रावांचे डोळे हेल्मेटात भरून आले.

येथेच थांबते तर बरे होते. परंतु कैलास याच्या भज्यांच्या टपरीवर मुक्काम पडला आणि राव स्लिपर क्लचाचे गुण वर्णू लागले. चावी चालू, दिवा चालू, मोबाइल गाडीवरच चार्जिंगला, आणि भजी संपली तरी वर्णन संपेना. अखेर बटण दाबिले, तो बॅटरी गतप्राण.

राव डगमगले नाहीत. गाडी उतारावर लावणे ही त्यांची जालन्यापासूनची रीत. कैलास याने ढकलले, रावांनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, मग चाक इंजिनास फिरवू लागले आणि तो उलटा जोर पाहताच स्लिपर क्लच आपल्या ब्रीदास जागून घसरला. इंजिन नुसते घुरघुरले.

"साहेब, ह्यो तर चाकाचं ऐकतच न्हाई की! आन् तुमी मगाधरनं लई भारी हाय म्हनताय."

इतक्यात पुण्याकडे जाणारी एसटी वळणावर दिसली आणि बाईंनी पर्स खांद्यास लाविली. रावांच्या तोंडचे पाणी पळाले. झटका बसला नव्हता, शर्त मोडली नव्हती, परंतु हे बोलण्याची हिंमत कोणास?

बाईंनी एसटीकडे पाहिले, रावांकडे पाहिले आणि एसटीस हातानेच पुढे जाण्याची आज्ञा केली.

"वजन कमी पडतंय तुझं. मी बसते मागे. गिअर वरचा टाक, आणि एक अक्षर बोलू नकोस."

मग बाई सीटवर आरूढ जाहल्या, कैलास याने धाप लागेतो रेटले, गाडीने लांबवर वेग घेतला, तिसऱ्या गिअरात उलटा जोर कमी पडोन क्लच घसरत घसरत का होईना इंजिनास घेऊन गेला आणि इंजिन गर्जले. बाईंनी रावांची कंबर घट्ट धरिली.

येणेप्रमाणे मागली सीट फत्ते जाहली. विजयाची कारणे तीन: तिसरा गिअर, ताम्हिणीचा उतार आणि गौतमीबाईंचे वजन. पैकी तिसरे कारण बखरीत न घालण्याविषयी बाईंचा सक्त हुकूम आला, परंतु तोवर शाई वाळली होती.