चव न घेता केलेलं सफरचंदाचं सूप

मोठीबाईंनी चाळीस वर्षांत स्वयंपाक करताना एकदाही चव घेतली नव्हती! "चव घ्यायची ती शिकाऊंनी. मला वासावरून मीठ कळतं!" हे त्या इतक्यांदा बोलल्या होत्या, की घरातल्या मांजरालाही पाठ झालं असेल.

त्या शरदात मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड असं लगडलं, की खाली उभं राहायचं तर डोक्यावर पातेलं घालावं! सफरचंदं इतकी वाटली, की शेजारी लपू लागले. तशात सुनेची आई फोनवर म्हणाली, "सफरचंद म्हणजे आजाऱ्याचं खाणं हो. ते कुणी जेवणात घालतं का?"

झालं!

"रविवारी जेवायलाच या, विहीणबाई! सूप सफरचंदाचं, कांदा-मिरीवर परतलेल्या फोडी सफरचंदाच्या, कोंबडीच्या पोटातही सफरचंदच! एक पदार्थ बिघडला, तर हा डाव तुमच्या लेकीच्या हाती देईन आणि आयतं बसून खाईन!"

रविवारी सकाळी मोठीबाईंनी फोडी केल्या आणि काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात टाकल्या. मीठ किती? मूठभर. आणि मूठ मोठीबाईंची! मग कोंबडी भरायला बसताना त्यांनी सुनेला हुकूम सोडला, "सूप चढव. कांदा परत, फोडी टाक, पाणी घाल. मिठाला हात लावू नकोस, ते माझं काम."

सून आज्ञाधारक. या घरात भाजीचं पाणी फेकायचं नाही, हे तिला सासूबाईंनीच लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ऐकवलं होतं, तेही चारचौघांत. तिने फोडी टाकल्या आणि त्या ज्यात बुडाल्या होत्या तेच पाणी वर ओतलं! मोठीबाई आल्या, वास घेतला, मान डोलावली आणि आपल्या हक्काचं मीठ घातलं.

त्यांचे यजमान हाडाचे शिंपी. दुकान केव्हाच बंद केलं होतं, पण जिभेचे चोचले चालूच होते. त्यांनी चोरून चमचाभर सूप चाखलं आणि डोळे कोटाच्या बटणाएवढे झाले.

"सूनबाई, हे सूप नाही, समुद्र आहे!"

"अगंबाई! ते पाणी...! बाबा, आईंना तुम्हीच सांगा ना."

"मी? मला अजून दहा वर्षं जगायचंय!"

मग मोठीबाईंची पाठ वळली, की एकेकाची स्वयंपाकघरात फेरी! यजमानांनी मीठ शोषायला अख्खा बटाटा सोडला. सुनेने तांब्याभर पाणी ओतलं. बस चालवणाऱ्या मुलाने सहा सफरचंदं चिरून टाकली. वासानेच ओढले जातायत मेले, म्हणून मोठीबाई मनातून सुखावल्या. झाकण काढून पाहतात, तर सूप काठाशी!

"बघा, माझ्या हाताला बरकतच अशी!" त्यांनी मोठं पातेलं काढलं, सूप त्यात ओतलं. "आणि सूप वाढलं, म्हणजे मीठही वाढायला हवं!"

दाराआड तिघांनी कपाळाला हात लावला आणि मुलगा पुन्हा झाडाकडे पळाला.

दुपारी विहीणबाई आल्या तेव्हा पातेलं पलटणीला पुरेल एवढं झालं होतं. त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. तिघांनी पाण्याचे पेले त्यांच्याकडे सरकवले.

"अहो, झकास झालंय! आंबट, गोड, मीठ, सगळं कसं बेताचं!" मग त्यांनी चमच्यावर काहीतरी उचललं. "पण हा सालासकट बटाटा कशाला?"

"बटाटा? मी बटाटा घातलाच नाही!"

मोठीबाईंनी टेबलाभोवती नजर फिरवली. यजमान छताकडे पाहत होते, मुलगा बुटांकडे. सून उगाचच पाण्याचे भरलेले पेले पुन्हा भरत होती. मोठीबाईंच्या ध्यानात सगळं आलं. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिघांचे घामेजलेले चेहरे पाहून त्यांना हसूच फुटलं.

"विहीणबाई, सूप काय मी एकटीने केलंय? अख्खं घर राबलंय!"

विहीणबाई डबा भरून घेऊन गेल्या. घरच्यांनी चार दिवस तेच सूप प्यायलं. डाव मोठीबाईंच्याच हातात राहिला.

पुढच्या रविवारी सून स्वयंपाकघरात शिरली, तर सासूबाई पातेल्याशी उभ्या आणि चमचा तोंडात!

"अशी बघतेस काय? चव नाही घेत मी! गरम झालंय का तेवढं बघतेय!"