शालनताईंना कुंकू कोणी लावायचं

बुधवारी सकाळी शालन हुपरीकर आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळात शिरल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मुलीच्या लग्नासाठी हॉल ठरवायला त्या गेल्या होत्या. हॉल मिळाला. लग्न रविवारी होतं आणि मुलीची आई पहिल्या पानावर बसून होती.

संकेतस्थळ मी बांधलेलं, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली. त्यांचे यजमान दिनकरराव डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी पडद्यापाशी तोंड नेऊन म्हटलं, "ताई, बाहेर पडायचं बटण तुमच्या उजव्या हाताला आहे. लाल, चांगलं ठसठशीत."

"दिसतंय की. आंधळी हाय व्हय मी?"

"मग दाबा."

"तशीच दाबू? आल्यापास्नं कुणी पाणी विचारलं न्हाई, कुंकू लावलं न्हाई. सवाष्ण बाई कुणाच्या घरातनं अशी उठून जाती व्हय?"

"बरोबर हाय तिचं," दिनकरराव म्हणाले आणि त्यांनी डबा आत सरकवला.

खरं सांगतो, मला राग आला. लोकांना सोपं जावं म्हणून मी अक्षरं मोठी केली, रंग बदलले, आणि यांना कुंकू हवं! पण वापरणाऱ्याचं कधी चुकत नाही, चुकतं ते बांधणाऱ्याचं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आहे. मी एक पाट टाकला, पाण्याचा तांब्या ठेवला. मग कुंकवाचं बटण केलं. शालनताईंनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बटणाच्या हातचं कुंकू कोण लावून घेईल?

शनिवारी मुख्याधिकाऱ्यांनी तातडीची बैठक घेतली. कुंकू कोणत्या विभागाकडे येतं, यावर आरोग्य आणि बांधकाम दोघांनीही हात झटकले. शेवटी साहेब माझ्याकडे वळले.

"तुमच्या मंडळींना पाठवा."

माझी बायको निर्मला करंडा घेऊन आत गेली. दोघींचं लगेच जमलं. पण निर्मला कुंकू लावायला पुढे झाली, तशा शालनताई मागे सरकल्या.

"तुमी बी माझ्यासारख्या पावण्याच. पावणीनं पावणीला निरोप द्यायचा, ही कुठली रीत? घरची बाई पायजे."

निर्मलानं पडद्यातून माझ्याकडे पाहिलं. बाहेर दिनकररावांचा फोन वाजत होता. घरी हळद खोळंबली होती.

"अहो, माझ्या साड्या आणि कुकर पाठवा आत," ती म्हणाली.

मी पाठवलं. तिनं कुकर लावला. शिट्टी झाली, घर झालं. मग तिनं शालनताईंना कुंकू लावलं, ओटी भरली. "येते हं," म्हणून त्या बटण दाबून बाहेर आल्या आणि थेट हळदीला जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हापासून संकेतस्थळाबद्दल एकही तक्रार नाही. लोक घरपट्टी भरायला जातात आणि पोहे खाऊन येतात. शेजारच्या गावचे अधिकारी येऊन पाहून गेले. निर्मला खुशीत आहे. आत हवा छान येते म्हणते. मला मात्र घर खायला उठतं. फार आठवण येते तिची.

काल दुपारी मीही आत गेलो. निर्मलानं बसायला दिलं, पोहे दिले, तब्येतीची चौकशी केली.

"काय काम काढलंत?" तिनं विचारलं.

"काही नाही, सहज."

थोडा वेळ टेकलो. कांदा छान परतला होता. मी उठलो तशी ती पदर सावरत दारापर्यंत सोडायला आली. माझ्या मागे दोन माणसं थांबली होती.

"या हं, सवडीनं," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली.