कुकरचा कोट

शिंप्यानं मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. बायको दवाखान्यातून घरी आली की दोन आठवडे तिनं शेगडीपुढे उभं राहायचं नाही. पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी तसं बजावलेलं. (टाके बघायला मिळाले तेव्हा शिंपी नर्सला म्हणाला होता, "काम बरं आहे, पण टाका जरा लांब पडलाय." बायकोनं डोळे वटारले म्हणून, नाहीतर उसवून दाखवलं असतं त्यानं.)

पण बायकोला तो ओळखून होता. घरात पाऊल टाकलं आणि ओटा थंड दिसला, की ही बाई बाह्या सरसावणार आणि टाके गेले खड्ड्यात! म्हणजे ती यायच्या आत घरात गरम जेवण हवं. आणि तिला आणायला तर यालाच जायचं, सगळा दिवस त्यातच मोडणार.

यावर लेकीनं तोड काढली. परगावाहून तिनं स्लो कुकर, म्हणजे विजेवर हळूहळू शिजवणारं भांडं, पाठवला आणि फोनवर समजावलं, "बाबा, सकाळी सगळं आत घालायचं, लावायचा आणि खुशाल जायचं. संध्याकाळी जेवण तयार. फक्त नीट ऐका. प्लग सरळ भिंतीत लावा, एक्स्टेंशनला नाही. आजूबाजूला मोकळं ठेवा. आणि त्याच्यावर..."

"हो हो, कळलं," शिंपी म्हणाला.

कळतंय कुठलं! गळ्यातली टेप काढून तो कुकरचं माप घेत होता. त्याची खोडच ती. समोर कोणी बोलायला लागलं की याचे डोळे त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत फिरायचे. निम्मं बोलणं जायचं हवेत, माप मात्र जन्मभर लक्षात.

आणि कुकर तरी कसा! गोलमटोल, पोट सुटलेला, अंगावर चिंधी नाही. शिंप्याला वाटलं, हा आपली सगळी ऊब हवेत उधळणार. बसला मशीनवर. बायकोच्या जुन्या लोकरीच्या कोटाचं मऊ कापड, आत कापसाचा थर, उभ्या-आडव्या टिपा, वायरीसाठी मागं भोक, पुढं काजं-बटणं. कोट असा फिट बसला म्हणता! एवढं गुमान माप देणारं गिऱ्हाईक त्याला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी त्यानं कुकरमध्ये चिकन, गाजरं, बटाटे, पाणी सगळं घातलं. तसा आगीला फार भिणारा माणूस. इस्त्री बंद केली का बघायला अर्ध्या वाटेतून माघारी फिरायचा. म्हणून त्यानं ओट्याजवळचा पडदा वर बांधला, टॉवेल काढला, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं. पेटण्यासारखं म्हणून जे काही होतं ते लांब नेलं. मग कुकर चालू करून त्याला कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि निर्धास्त बाहेर पडला.

दवाखान्यात बायको वाटच बघत होती. "घर कसंय?"

"तू फक्त चल. सूप शिजतंय."

"शिजतंय? अहो, गॅस चालू ठेवून आलात?"

"छे गं! लेकीनं पाठवलेला कुकर. सरळ भिंतीत लावलाय. पडदा बांधलाय, टॉवेल काढलाय." मग नव्या नवऱ्यासारखा लाजत म्हणाला, "आणि तुझ्या जुन्या कोटातून कोट शिवलाय. कापूस भरून."

"कोणाला?"

"कुकरला."

बायको उशीवरून ताठ उठून बसली. (टाके टिकले. काम चोखच होतं म्हणायचं.) "तापणाऱ्या वस्तूला कापूस गुंडाळून आलात?"

तेव्हा कुठं शिंप्याच्या पायांखालची जमीन सरकली.

घराची किल्ली वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे असायची. फोन लावला. बाई धावत खाली गेल्या, कुलूप उघडलं.

"भाऊजी, आले मी आत. धूर नाही, पण करपल्याचा वास येतोय. अहो, ही बटणं निघत नाहीत!"

"काजं नवीन आहेत. अंगठ्यानं दाबा, जरा तिरपं..."

"कापड केवढं तापलंय! कात्रीनं कापू?"

शिंप्यानं गळ्यातली टेप घट्ट धरली.

"भाऊजी?"

"बाजूच्या शिवणीवरून उसवता आलं तर..."

बायकोनं फोन हिसकावला. "बाई, आधी प्लग काढा, मग कापा! वाटेल तिथून कापा!"

फोनमधून कात्रीचा आवाज आला. शिंप्यानं डोळे मिटून घेतले.

दवाखान्यातून सुटका होईतो संध्याकाळ झाली. घरी आले तर कोट जमिनीवर पडलेला, उभा चिरलेला, आतला कापूस तपकिरी. भांड्यातलं पाणी गार, चिकन आतून गुलाबीच.

"परत गरम करू?" शिंप्यानं भीत भीत विचारलं.

"दिवसभर अर्धंकच्चं बसलंय ते. फेका. मला परत दवाखाना नकोय." आणि बायको बाह्या सरसावत स्वयंपाकघराकडे निघाली.

शिंपी दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"सरका."

"नाही."

"उपाशी झोपायचं का?"

"मी करतो. तू नुसतं सांग." त्यानं चौकट घट्ट धरून ठेवली. "तू नव्हतीस तर मशीनवर बसवत नव्हतं गं. एकदाच वाटलं, तू यावंस आणि कोणीतरी तुला आयतं वाढावं."

बायकोनं बाह्या परत खाली ओढल्या. मग हळूच म्हणाली, "खुर्ची आणा तर."

ती दारात खुर्चीवर बसली आणि हा ओट्यापाशी. गाजराचे तुकडे असे एकसारखे, की जणू साच्यातून काढलेत.

"विजार बेतताय का गाजर चिरताय? टेप ठेवा ती खाली!"

"मीठ किती?"

"अंदाजानं."

आता आली का पंचाईत! अंदाज हा गृहस्थ शिंप्याच्या दुकानाची पायरी कधी चढलाच नव्हता. शेवटी तिनं बोट दाखवायचं, यानं चिमूट उचलायची, तिनं मान हलवायची, असं करत करत एकदाचं सूप झालं.

बायकोनं गरम वाटी हातात धरली. एक घोट घेतला, दुसरा घेतला, डोळे भरून त्याच्याकडे बघितलं आणि रिकामी वाटी पुढं केली. "वाढा अजून."

शिंप्याची छाती दोन इंचांनी वाढली. "आवडलं?"

तिनं त्याचा हात थोपटला. "डॉक्टरांना फोन लावा."

"का गं? दुखतंय?"

"नाही हो. सूप छानच झालंय, पण रोज असं चिमटी-चिमटीनं मीठ सांगत बसायचं, तर दोन आठवडे फार लांब बेतलेत त्यांनी. जरा आखूड करून मिळतील का, विचारा."